हळदीत हरवलेला सा : एका पहिल्या ट्रॅकची तपासणी

कराडच्या अलीकडे, हायवेपासून तीन-चार किलोमीटर आत, भाचीची हळद होती. नवरीचा धाकटा भाऊ म्हणजे माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेलं वर्षभर तो अभ्यासाच्या नावाखाली लॅपटॉपवर गाणी बनवतोय. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, पण कोणी बोलत नाही. ताईच्या हळदीसाठी त्याने एक ट्रॅक केला होता. आजीकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेऊन फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या, खाली हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा १२८ बीपीएमचा (मिनिटाला १२८ ठोके) ठेका होता आणि मध्ये गल्लीतल्याच पोरांनी वाजवलेली हलगी. कल्पना झकास होती.

माझं काम पुण्यात छोट्या कार्यक्रमांना साउंड करायचं आणि भजनी मंडळांची रेकॉर्डिंग मिक्स करायचं. त्यामुळे मामाने आधी ऐकावं अशी त्याची इच्छा होती. मी "हळदीतच ऐकू की" म्हणालो. माझी ही चूक आधीच कबूल करतो, कारण पुढे बाकीच्या सगळ्या चुका त्याच्याच असल्यासारख्या दिसतील.

सव्वानऊला गाणं लागलं. आजीचा आवाज आला तसा बायकांनी एकच गलका केला. किक (ठेक्यातला ढोलासारखा जाड ठोका) सुरू झाली, पोरं पुढे सरकली. आणि जिथे बेस अंगावर यायला हवा तिथे काहीच आलं नाही. वर हलगी, मध्ये किकचा टकटकाट आणि खाली नुसती पोकळी. लोकांनी नवरीच्या भावाचं गाणं म्हणून वीस-पंचवीस सेकंद हात हलवले. मग ऑपरेटरने ते हळूच खाली घेतलं आणि नेहमीचं एक रिमिक्स लावलं. त्याच पेट्यांमधून त्या रिमिक्सचा बेस असा छातीत बसला की खुर्च्या थरथरल्या.

भाचा माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. "मामा, बेस गेला." थोड्या वेळाने म्हणाला, "माझ्या कानात होता की हो."

कोणाकोणावर संशय घेतला

घरच्यांनी पहिला संशय साउंडवर घेतला. आमच्याकडे सातारा-सांगली-कोल्हापुरात अशा भिंतीएवढ्या पेट्यांना डॉल्बी म्हणतात. (डॉल्बी कंपनीचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही, पण हे आता कोणाला सांगून उपयोग नाही.) "डॉल्बीवाल्याने मुद्दाम केलं" इथपर्यंत एका काकांनी मजल मारली. पण आधीची आणि नंतरची सगळी गाणी त्याच सबवर (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पेट्यांवर) ठणठणीत वाजली होती. सब सुटला.

दुसरा संशय माझा, वायरवर. हे प्रकरण मी बऱ्याचदा पाहिलंय. लॅपटॉपची स्टिरिओ पिन कोणी सरळ मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये खुपसली, तर मिक्सर डाव्यातून उजवं वजा करतो. मग दोन्ही बाजूंना सारखं असलेलं जे जे आहे ते मरतं. गाणाऱ्याचा आवाज जातो, किक जाते, आणि उरतो तो फक्त रिव्हर्बचा, म्हणजे घुमण्याचा, फेस. इथे आजी स्पष्ट होती, किक जागेवर होती. शिवाय ऑपरेटरच्या लॅपटॉपमधून लाल आणि पांढरी अशा दोन पिना दोन वेगळ्या चॅनेलना गेल्या होत्या. वायरही सुटली.

तिसरा संशय जागेवर. खालच्या सुरांच्या लाटा लांब असतात. ४९ हर्ट्झची एक लाट हवेत सुमारे सात मीटरची. मांडवाच्या दोन टोकांना सब ठेवले तर काही ठिकाणी दोन्हीकडच्या लाटा एकमेकींना मारतात आणि चार पावलं सरकलं की बेस परत येतो. पंगत बसल्यावर आवाज कमी करून ऑपरेटरने माझ्यासाठी गाणं पुन्हा लावलं. त्याचे आभार मानायला हवेत, कारण त्या वेळी त्याच्या हातात पत्रावळ होती. मी मांडवभर फिरलो. बेस कुठेच नव्हता, सगळीकडे सारखाच गायब. परत येऊन मिक्सरच्या हेडफोनमध्ये ऐकलं, तर बेस पूर्ण, गोल, अगदी भाचा म्हणत होता तसा.

या फिरण्यात एक गोष्ट सापडली, आणि ती पेटी-तबल्याच्या संगतीत आयुष्य गेल्यामुळेच सापडली असं मला वाटतं. बेसची ओळ सोपी होती. सा, कोमल ग, म, प आणि सा च्या खालचा कोमल नी. धानीचे स्वर. सा होता पांढरी पाच (पेटीची पाचवी पांढरी पट्टी), कारण आजी पांढरी पाचमध्ये गायली होती. पोराने शहाणपणाने गाणं तिच्या सुरात बांधलं होतं, तिला मशीनने गाण्याच्या सुरात ओढलं नव्हतं. मांडवात मला प ऐकू येत होता. म अर्धामुर्धा. सा मुळीच नाही.

खालचे सूर जातात आणि वरचे राहतात म्हटल्यावर कोणीही सब कमजोर आहे असंच म्हणेल. पण तो खालचा नी सा च्याही खाली आहे, आणि तो पुसटसा का होईना, होता. कमजोर सब असा सूर निवडून मारत नाही. त्याने नी आधी खाल्ला असता. इथे सा च्या नेमक्या जागी खड्डा पडला होता.

पावणेदहाला मी ऑपरेटरला विचारून लाल पिन उपसली. अर्धा सिग्नल काढून टाकला, आणि बेस आला. सा सकट आला, पत्र्याचा मांडव वाजला. भाच्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी जादूटोणा केलाय.

दहा वाजता स्पीकर बंद करायचे होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई आहे, आणि गावातले पोलीसपाटील त्याबाबत कडक. तेवढ्या पंधरा मिनिटांत एका पिनेवर गाणं दोनदा वाजलं. नवरी नाचली.

दहा मिलीसेकंद

दुसऱ्या दिवशी लग्न, तिसऱ्या दिवशी पूजा. चौथ्या दिवशी आम्ही लॅपटॉप उघडला. उघडला म्हणजे झाकण उघडलं. तो बंद केलेलाच नव्हता. भाचा गाणी बनवायच्या एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती वापरतो, तीत प्रोजेक्ट सेव्ह होतो पण विकत घेतल्याशिवाय परत उघडता येत नाही. म्हणून अकरा दिवस लॅपटॉप फक्त झोपवायचा, विझवायचा नाही, अशी शिस्त घरात लागली होती. आक्काने, म्हणजे त्याच्या आईने, त्याच्या चार्जरला हात लावायलाही सगळ्यांना बंदी केली होती.

बेसच्या चॅनेलवर पाहिलं तर उजवी बाजू दहा मिलीसेकंद मागे ढकललेली.

"हे कशाला केलंस?"

"रुंद होतो ना बेस. व्हिडिओत सांगितलं होतं."

सांगणारा अगदीच खोटं बोलत नव्हता. एकच आवाज एका कानाला काही मिलीसेकंद उशिरा पोचला तर मेंदू त्याला दोन आवाज न मानता एकच पसरलेला आवाज मानतो. हेल्मुट हास यांनी १९४९ साली हे नीट तपासलं, म्हणून त्यांचं नाव या युक्तीला चिकटलं. टाळ्यांना, सिंथच्या वरच्या सुरांना, कोरसला ती छान लागते. पण कानात घालायच्या इअरबडमध्ये डावं डाव्या कानात जातं आणि उजवं उजव्या. दोघांची गाठ पडते ती मेंदूतच. मांडवात मात्र स्टिरिओ कोणी लावत नाही. लावलं तर डावीकडे बसलेल्याला अर्धं गाणं आणि उजवीकडच्याला उरलेलं अर्धं. म्हणून डावं-उजवं मिक्सरवर एकत्र करून तेच सगळ्या पेट्यांना पाठवतात. बऱ्याच क्लबांतही निदान सबला जाणारा सिग्नल असा एकत्रच केलेला असतो.

आता आजीची पांढरी पाच. बेसच्या सप्तकात तो सूर ४९ हर्ट्झचा. म्हणजे एका हेलकाव्याला साधारण २०.४ मिलीसेकंद, आणि अर्ध्या हेलकाव्याला १०.२. उजवी बाजू दहा मिलीसेकंद उशिरा निघाली की डावी वर जात असताना ती खाली जात असते. दोन्ही एकत्र केल्या की हातात काही उरत नाही. मी कागदावर मांडून दाखवलं. दोन्ही बाजू जुळल्या असत्या तर जेवढा आवाज आला असता, त्यातला सा चा फक्त ३ टक्के उरतो. खालचा नी, ४३.७ हर्ट्झ, २० टक्के. कोमल ग २६, म ४७, प ६७. मांडवात माझ्या कानाने जो क्रम लावला होता, तोच कागदावर आला. भाचा त्या कागदाचा फोटो काढून घेऊन गेला. त्याला गणितात इतका रस घेताना आक्काने पहिल्यांदाच पाहिलं.

गाणं काळी एकमध्ये असतं तर सा निम्मा तरी वाचला असता आणि "बेस जरा कमी वाटतो" एवढ्यावर भागलं असतं. आजीचा सूर आणि व्हिडिओतले दहा मिलीसेकंद यांची नेमकी गाठ पडली. शिवाय बेस होता शुद्ध साइन वेव्ह. साइनला उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) नसतात. असते, तर निदान वरच्या सप्तकातला सा, ९८ हर्ट्झ, जवळजवळ पूर्ण वाचला असता आणि कानाने ओळ पकडली असती.

बेस मधोमध ठेवायचा हा नियम मुळात क्लबमधून नव्हे, तबकडीवरून आला. स्टिरिओ तबकडीत डावं-उजवं एकाच खोबणीत कोरलेलं असतं. दोन्हीकडे सारखं असलेलं सुईला आडवं हलवतं, दोहोंमधला फरक तिला वर-खाली. बेस डावी-उजवीकडे उलटसुलट असला की खोबण इतकी खोल-उथळ होते की सुई उडते. म्हणून तबकडी कापणारे तंत्रज्ञ खालचे सूर मोनो (दोन्हीकडे एकच) करूनच कापायचे. त्या काळी चुकीचा बेस कारखान्यातच अडायचा. आता तो थेट हळदीत येतो.

आधी दिसलेल्या आणि न दिसलेल्या खुणा

माझ्या मते या प्रकरणात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथे आहे. त्या दहा मिलीसेकंदांची खूण भाच्याला हळदीआधी दोनदा मिळाली होती.

गाणं त्याने फोनच्या स्पीकरवर लावून पाहिलं होतं. बेस नव्हता. फोनच्या स्पीकरला ४९ हर्ट्झ झेपतच नाही, त्यामुळे तिथे बेस नसणं साहजिक. निर्दोष कारण हाताशी होतं, म्हणून खरं कारण त्याच्या मागे लपलं. पुढे काकांच्या गाडीत लावलं. तिथेही बेस पडला. गाडीत हे व्हायला नको होतं, कारण तिच्या स्पीकरवर बाकीच्या गाण्यांचा बेस दणकून येतो. पण गाडी लहान, डाव्या-उजव्या स्पीकरच्या लांब लाटा आतल्या हवेतच एकत्र होतात आणि मांडवात झालं तेच तिथेही होतं. पोराने काय निष्कर्ष काढावा? बेस कमी आहे. आणि बेस सहा डेसिबलने वाढवला.

सहा डेसिबल म्हणजे लाटेची उंची दुप्पट. एवढा बेस मास्टरवरच्या (सगळा आवाज एकत्र होतो त्या शेवटच्या ट्रॅकवरच्या) लिमिटरवर, म्हणजे आवाज मर्यादेपुढे जाऊ न देणाऱ्या साधनावर, आदळत होता. लिमिटरला मांडवात काय होणार हे कसं कळणार? तो बिचारा डाव्या बाजूला प्रचंड बेस पाहायचा, उजव्या बाजूला प्रचंड बेस पाहायचा आणि आजी, हलगी, किक सगळ्यांना दाबून त्याला जागा करून द्यायचा. मग मिक्सरवर तो बेस स्वतःशीच लढून मरायचा. ऐकूच न येणाऱ्या बेससाठी बाकी सगळं गाणं मान खाली घालून बसलं होतं. ऑपरेटरने मला नंतर सांगितलं की या गाण्याला त्याने फेडर (आवाजाचा सरकता दांडा) बराच वर ढकलला, तरी ते "उठत नव्हतं". हे ऐकून मला पोराची कीव आली. चूक दहा मिलीसेकंदांची होती, उपाय बेस वाढवायचा केला आणि शिक्षा आजीला झाली.

यात आणखी दोन गोष्टींनी भर घातली. सगळं काम रात्री, हॉस्टेलवर, खोलीतला दुसरा मुलगा झोपलेला असताना, हळू आवाजात चाले. हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख काढून ठेवलेत. म्हणजे बेस वाढवायचा मोह इथे दुप्पट. दुसरं, इअरबड ब्लूटूथचे. त्यांतून आवाज दीडशे-दोनशे मिलीसेकंद उशिरा येतो, आणि १२८ बीपीएमला मात्रेचा चौथा भाग ११७ मिलीसेकंदांचा. हलगीचे बोल कीबोर्डवर बोटांनी वाजवताना सतत मागे पडतात अशी त्याची तक्रार होती. त्याला आपला हात कच्चा वाटत होता. हात ठीक होता.

वायरचे, कान झाकणारे साधे हेडफोन आणले. पुण्याहून मी काही प्लगइन किंवा स्पीकर घेऊन येईन अशी त्याची आशा होती, ती मोडली. त्या खोलीत, पत्र्याखाली, चार फुटांवर भिंत असताना महागडे मॉनिटर स्पीकर लावले असते तर त्यांनीही खालच्या सुरांबद्दल खोटंच सांगितलं असतं.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीने उघडं पडलेलं

उशीर शून्यावर आणला. मास्टर ट्रॅकवर स्टिरिओ सेपरेशनचा जो नॉब असतो तो पूर्ण मर्ज करून मोनोमध्ये ऐकलं. बेस होता. पाच मिनिटांचं काम. भाचा खूश झाला आणि लगेच चेहरा पडला, कारण आता किक गेली.

खरं तर ती आधीपासूनच बेसखाली दबलेली होती. मांडवात बेस मेल्यामुळे तेवढी किक मोकळी ऐकू आली होती. ट्रॅकवरची किक वरून सुरू होऊन घसरत पन्नास हर्ट्झच्या आसपास येऊन थांबणारी, शेपूट लांबलचक. बेसही त्याच मात्रेवर, त्याच सुरात. दोन पैलवान एकाच लंगोटीत. इथे मी त्याला इक्वलायझर उघडू दिला नाही. हलगीवाल्यांच्या जोडीत कडाडणारी हलगी आणि घुमणारं घुमकं असतं, ते दोघं एकमेकांची जागा ओळखून वाजवतात. तसं आधी मात्रांमध्ये जागा करू या म्हटलं.

१२८ बीपीएमला एक मात्रा ४६९ मिलीसेकंदांची. बेसचे सूर अर्धी मात्रा पुढे सरकवले, म्हणजे किकनंतर २३४ मिलीसेकंदांनी बेस. किकची शेपूट दोनशेच्या आत छाटली. एवढ्यानेच निम्मं भांडण मिटलं आणि गाण्याला हाउसचा तो मागे खेचून पुढे ढकलणारा झोका आला. जिथे बेसचा सूर लांब धरायचा होता तिथे साइडचेन लावली. एफएल स्टुडिओतल्या फ्रूटी लिमिटरच्या कॉम्प्रेसरला (आवाज दाबणाऱ्या भागाला) किकचा सिग्नल दिला, किक वाजली की बेस खाली बसतो आणि दीडशे-दोनशे मिलीसेकंदांत परत उठतो. साइडचेनचे व्हिडिओ त्याने डझनभर पाहिले होते. ती कशासाठी लावतात हे मात्र त्याला दोन सूर एकाच जागी आपटलेले ऐकल्यावरच कळलं, आणि मला वाटतं तोच क्रम बरा.

बेसवर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित खरखरीत करणं) दिलं, म्हणजे ९८ आणि त्याच्या वरचे उपस्वर उगवले. आता फोनवरही ओळ कळत होती. हलगीच्या रेकॉर्डिंगमध्ये वाऱ्याचा घुमारा भरला होता, तो १८० हर्ट्झखाली कापला. हलगीचं काहीच गेलं नाही. मास्टरवर एकामागोमाग एक असे चार लिमिटर होते, ते सगळे काढले. किकचं शिखर उणे सहा डेसिबलच्या आसपास ठेवलं आणि बाकी सगळं तिच्या मानाने लावलं. शेवटी त्याच्या आवडीचा एक प्रसिद्ध ट्रॅक शेजारी ठेवून, तो आपल्याएवढाच मोठा वाटेल इतका खाली ओढून, दोन्ही आलटून-पालटून ऐकले. खाली ओढणं महत्त्वाचं. जे जोरात वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, आणि नवशिका त्या फरकाला "मास्टरिंग" समजून पैसे घालतो.

संध्याकाळी गच्चीवर बसून मी त्याला एक जुनी गोष्ट सांगितली. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंडचा टीबी-३०३ हा बेसचा डबा, टीआर-८०८ चा ठेका आणि ज्युपिटर-८ सिंथ घेऊन दहा राग डिस्कोच्या तालावर बसवले. शिकागोतल्या लोकांनी त्याच डब्यातून ॲसिड हाउस काढलं ते त्यानंतर. भाच्याला वाटलं होतं की राग आणि मशीन हे आपण पहिल्यांदा जोडलं. थोडा हिरमुसला. मग विचारलं, "त्यांचा बेस रुंद होता का?" त्या डब्याला आवाजाचं एकच तोंड होतं, असं सांगितलं. हसला.

गोडाऊनमध्ये

ऑपरेटरने मंगळवारी दुपारी गोडाऊनवर पंधरा मिनिटं दिली. दोन सब, दोन टॉप. आधी जुनी फाइल लावली, सा गायब. मग नवी. फेडर निम्म्यावर असतानाच शटर वाजायला लागलं. ऑपरेटर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "वाजतंय चांगलं. पण मी हे लावणार कसं?"

हा प्रश्न आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. गाणं सुरू होतं ते आजीच्या आवाजाने, ताल न धरता. आधीचं गाणं वाजत असताना हे खालून आणायचं तर पकडायला ठोका हवा. कार्यक्रमात गाणी एकमेकांत मिसळणाऱ्याला ठोका जुळवायचा असतो, आणि ठोक्याइतकंच ओळी कुठे संपतात तेही. हाउससारख्या संगीतात ३२ मात्रांचा एक तुकडा धरतात. जुन्याचा तुकडा संपताना नव्याचा सुरू व्हावा लागतो, नाहीतर ठोके जुळूनही गाणी भांडल्यासारखी वाटतात. शिवाय ओढायलाही मर्यादा आहे. टेक्निक्सच्या प्रसिद्ध एसएल-१२०० टर्नटेबलवर वेग आठ टक्के वर-खाली होतो, म्हणजे १२८ चं गाणं ११८ पर्यंत उतरेल. हळदीत त्याआधी वाजत होतं ते शंभरच्या आसपासचं. तिथे जुळवण्याचा प्रश्नच नव्हता, कापूनच लावावं लागलं.

आजीची सुरुवात काढून टाकायला भाचा तयार नव्हता, आणि माझाही त्याला पाठिंबा होता. ताल नसलेली सुरुवात हा काही गुन्हा नाही. गोव्यात अंजुणाच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांमध्ये उन्हात तबकड्या वाकायच्या म्हणून गोवा गिलसारखे डीजे डॅटच्या (डिजिटल ऑडिओ टेप) टेपांवरून वाजवायचे. टेपचा वेग बदलता येत नसे, मग ठोके जुळवण्याऐवजी एका गाण्याच्या विरत्या शेवटावर दुसऱ्याची तरंगती सुरुवात ठेवायची. गोवा ट्रान्समध्ये त्या लांब, बिनठोक्याच्या सुरुवाती शोभून दिसतात. ऑपरेटरने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते खरंय, पण माझ्याकडं पोरं नाचायला येतात, तरंगायला न्हाई."

तडजोड अशी झाली की सुरुवातीला नुसती हलगी आणि किक, ६४ मात्रा. १२८ बीपीएमला ते बरोबर तीस सेकंद होतात. त्यात बेस नाही, म्हणजे आधीच्या गाण्याचा बेस उतरायला मोकळी जागा मिळते. मग ठोका थांबतो, आजी एकटी येते, आणि तिच्या दुसऱ्या ओवीनंतर सगळं एकदम. शेवटीही तसेच तीस सेकंद ठोक्याचे. हे भाच्याने हलगीवाल्यांकडून नव्याने वाजवून घेतलं, फोन या वेळी वाऱ्याच्या आड ठेवून. गाणी मिसळण्याचा सराव तो आता मिक्स (Mixxx) या मोफत सॉफ्टवेअरवर करतोय. त्यातलं सिंकचं (ठोके आपोआप जुळवणारं) बटण वापरायचं नाही, असं मी सांगितलंय. पहिल्या आठवड्यात त्याचे ठोके दर दहा सेकंदांनी सुटत होते. काल पाठवलेल्या तुकड्यात ते मिनिटभर टिकले, पण दोन्ही गाण्यांचे बेस एकत्र चालू होते.

आजीला नवं गाणं फोनवर ऐकवलं. तिसऱ्या ओवीत एक शब्द चुकलाय, तेवढं परत म्हणते, असं ती म्हणाली. ते अजून व्हायचंय.

नवी फाइल ऑपरेटरच्या लॅपटॉपवर "आजी हळद नवीन" या नावाने आहे. जुनीही तिथेच आहे. ती काढून टाका म्हटलं, तर म्हणतो, "राहू द्या की, लाल पिन काढली की तीबी वाजतीय."